फोनमधला कोन किती खरा? गुडघा बदललेल्या रुग्णांच्या घरच्या मोजमापासाठी मोबाईल सेन्सरची तपासणी : प्रकल्प नोंदी, नाशिक

६ जानेवारी २०२५

आजपासून या कामाच्या नोंदी नियमाने ठेवायच्या ठरल्या. गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया नाशिक शहरात होते, पण थोड्याच दिवसांत रुग्ण सिन्नर, दिंडोरी, निफाड किंवा इगतपुरीकडच्या आपल्या गावी परततो, आणि त्याचा गुडघा किती वाकू लागला हे फिजिओथेरपिस्टला थेट पुढच्या तपासणीलाच कळते. खरे काम त्या मधल्या दिवसांत व्हायचे असते. खुर्चीवरून सहज उठायला गुडघा ९० अंशांच्या थोडा पुढे वाकावा लागतो. उकिडवे बसायचे किंवा मांडी घालायची तर ११० च्याही पुढे जावे लागते. आणि सहा ते बारा आठवड्यांत ९० अंशसुद्धा गाठले गेले नाहीत, तर भूल देऊन सांधा वाकवून घेण्याचा विचार सर्जनना करावा लागतो. म्हणून पाच-सहा अंशांची चूक ही आमच्या दृष्टीने केवळ तांत्रिक बाब राहत नाही, कारण तेवढ्यावर एखाद्याला पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचे की नाही हे ठरू शकते.

घरातल्याच मोबाईलने हा कोन मोजून घ्यावा, जमल्यास खुर्चीतून उठून चालण्याचा वेळही नोंदवावा, आणि दोन्ही आकडे फिजिओथेरपिस्टकडे पोहोचवावेत, अशी मूळ योजना आहे. परंतु फोनमधला ॲक्सेलरोमीटर (प्रवेग आणि कल जाणणारा सेन्सर) स्क्रीन आडवी-उभी करण्यासाठी, पावले मोजण्यासाठी आणि खेळांसाठी बसवलेला असतो. त्याच्याकडून रुग्णाच्या पायाचा कोन खात्रीने मिळेल असे आश्वासन फोन बनवणाऱ्याने कुठेही दिलेले नाही. ते आश्वासन आम्ही रुग्णाला देणार असू, तर आधी ते आम्हाला स्वतः तपासून घ्यावे लागेल. ॲप लिहिण्याचे काम तोवर थांबवले आहे.

९ जानेवारी

हाताशी असलेले वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि वेगवेगळ्या वयाचे फोन टेबलावर ओळीने ठेवले आणि उभ्या अक्षावरचे रीडिंग पाहिले. फोन पूर्ण स्थिर असताना त्याने गुरुत्वीय प्रवेग दाखवायला हवा. प्रमाण मूल्य ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग असले, तरी नाशिक विषुववृत्ताकडे झुकलेल्या अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून बरेच उंच असल्यामुळे येथे ते ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान येते. एका फोनने ९.९३ दाखवले, दुसऱ्याने ९.७०. दोन्ही फोन चांगले चालतात आणि दोघांच्याही मालकांना कधी काही खटकलेले नाही.

असे का होते, ते सेन्सरच्या रचनेत आहे. सिलिकॉनमध्ये कोरलेले एक अतिसूक्ष्म वजन तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेले असते; प्रवेग बदलला की ते किंचित सरकते आणि शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युतधारिता बदलते. चिप बोर्डावर सोल्डर होताना पडलेला ताण, तापमान आणि वय यांमुळे त्या वजनाची मूळ जागा थोडी ढळते, आणि हा ढळलेला शून्यबिंदू प्रत्येक रीडिंगमध्ये मिसळतो. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एमपीयू-६०५० या चिपच्या डेटाशीटमध्येच हा शून्यदोष एक्स आणि वाय अक्षांवर ५० मिलि-जी आणि झेड अक्षावर ८० मिलि-जीपर्यंत (एक मिलि-जी म्हणजे गुरुत्वीय प्रवेगाचा हजारावा भाग) असू शकतो असे छापलेले आहे. दोष लपवलेला नाही. तो वाचून त्यानुसार वागणे हे वापरणाऱ्याचे काम आहे.

कोनाच्या भाषेत हिशेब असा बसतो : गुरुत्वाकर्षणाला काटकोनात असलेल्या अक्षावर २० मिलि-जी शून्यदोष असेल, तर कलाच्या मापात सुमारे १.१५ अंशांची चूक येते. ५० मिलि-जीला ती जवळपास २.९ अंश होते. हाताने धरायच्या गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या दोन भुजांच्या साधनाने) मोजतानाही पाच अंशांपर्यंतचा फरक धरूनच चालावे लागते, त्यामुळे निव्वळ चिपपुरते बोलायचे तर परिस्थिती निराशेची नाही.

१५ जानेवारी

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टूलरूमने दुपारभर आपली ग्रॅनाइट सरफेस प्लेट (अगदी सपाट दगडी पाटा), साइन बार (कोन अचूक उभा करायची दांडी) आणि स्लिप गेज (अचूक उंचीचे ठोकळे) वापरू दिले. नाशिकमध्ये हे काम करण्याचा हा मोठा फायदा आहे : कोन अचूक कसा उभा करायचा हे जाणणारी माणसे अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत. २०० मिलिमीटरच्या साइन बारखाली १०० मिलिमीटर उंचीचे गेज लावले की बरोबर ३० अंशांचा कोन मिळतो, कारण त्या कोनाचे साइन मूल्य अर्धे आहे. आणि त्या कोनाबद्दल वाद घालायला जागा उरत नाही.

आम्ही पाठीवर ठेवलेल्या पहिल्याच फोनकडे पाहून तिथल्या मिस्त्रींनी प्लेटशी डोळा नेला आणि म्हणाले, "साहेब, हा सपाट बसलाच नाहीये. कॅमेऱ्यावर उचलला गेलाय." खाली फीलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पात सहज सरकत होती. कॅमेऱ्याचा उंचवटा दोन मिलिमीटरचा आणि तिथून फोनच्या दुसऱ्या टोकाचे अंतर सुमारे १४० मिलिमीटर धरले, तर फोन ०.८ अंशाने तिरका बसतो. त्यावर कडेला जाड झालेले सिलिकॉनचे कव्हर असेल, तर किती तिरकेपणा येईल हे कव्हरच्या झिजेवर अवलंबून. एका चांगल्या चिपच्या शून्यदोषाएवढी चूक केवळ फोन कुठे टेकला यातून येते.

यावरून दोन गोष्टी ठरल्या. फोन पाठीवर न ठेवता लांब कडेवर, बटणे नसलेल्या बाजूने टेकवायचा. आणि एकाच रीडिंगवर विसंबायचे नाही : आधी मांडीवर, मग त्याच फोनची तीच कड नडगीवर टेकवून दोन्हींतला फरक घ्यायचा. कव्हरचा किंवा कडेचा तिरकेपणा दोन्ही रीडिंगमध्ये सारखाच येत असल्यामुळे वजाबाकीत तो निघून जातो. शून्यदोष मात्र असा पूर्ण निघून जात नाही, कारण फोन वळला की तो दुसऱ्या अक्षाच्या वाट्याला येतो. हा भेद ॲप लिहिणाऱ्या मुलांना आकृती काढून समजावला, कारण वजाबाकी केली म्हणजे सगळ्या चुका गेल्या अशी समजूत फार चटकन होते.

२२ जानेवारी

सकाळी पारा बराच खाली होता, त्याचा उपयोग करून घेतला. रात्रभर गच्चीवर ठेवलेला फोन आणि चार्जिंगला लावून व्हिडिओ कॉल केल्यावर तापलेला तोच फोन यांची रीडिंग शेजारी-शेजारी लावली, तेव्हा शून्यबिंदू सरकलेला स्पष्ट दिसला. वर उल्लेखलेल्या चिपच्या डेटाशीटमध्ये ० ते ७० अंश सेल्सिअसच्या पल्ल्यात झेड अक्षावर ६० मिलि-जीपर्यंत बदल दिलेला आहे. त्याच प्रमाणात २५ अंशांच्या फरकाला साधारण २१ मिलि-जी, म्हणजे सव्वा अंशाच्या आसपास चूक होते. नियम साधा ठेवला आहे : फोन चार्जरवरून काढावा, थोडा वेळ खोलीत नुसता पडू द्यावा, मग मोजावे.

३ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा प्रत्यक्ष रुग्णावर, फिजिओथेरपिस्ट मॅडमच्या देखरेखीखाली आणि रुग्णाची लेखी संमती घेऊन. म्हसरूळकडच्या एक आजी, उजवा गुडघा बदललेला, टाके निघालेले, पण सूज अजून उतरलेली नव्हती. पलंगावर उताणे झोपून टाच गादीवरून सावकाश नितंबाकडे ओढायची आणि थांबायचे, एवढीच कृती.

टूलरूममधल्या ग्रॅनाइटवरून माणसाच्या पायावर आलो की चुकांची जात बदलते. नडगीच्या पुढच्या हाडावर मांस कमी असते, तिथे फोनची कड नीट टेकते. मांडीवर मात्र तसे हाड हाताला लागत नाही. शस्त्रक्रियेनंतर पुढचा स्नायू रोडावलेला, त्यावर सूज, आणि गुडघा वाकवताना स्नायू फुगून फोनलाच उचलतो. गोनिओमीटरची एक भुजा खुब्याच्या बाहेरच्या हाडाकडे आणि दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे रोखलेली असते, म्हणजे तो हाडांच्या खुणा जोडून कोन सांगतो. फोन जिथे टेकला त्या कातडीचा कल सांगतो. या दोन राशी एकच नाहीत. त्यांच्यातला फरक बारीक माणसात कमी आणि स्थूल माणसात जास्त, आणि तो दररोज सारखा राहील असेही नाही, कारण सूज उतरत असते.

मॅडमनी सुचवलेला उपाय मला सर्वांत उपयोगी वाटला. मांडीवर फोन टेकवण्याऐवजी खुब्याच्या हाडापासून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूपर्यंत एक ताठ पट्टी धरायची आणि फोनची कड त्या पट्टीवर ठेवायची. पट्टी हाडांच्या खुणांवर असल्यामुळे स्नायूच्या फुगवट्याचा परिणाम बराच कमी होतो. घरी शाळेची तीस सेंटिमीटरची लाकडी पट्टी पुरते का, हे पुढे पाहायचे आहे.

आजी सगळे लक्षपूर्वक पाहत होत्या. त्यांनी विचारले, "बाळा, फोन असा पायावर धरलेला असताना माझ्या लेकाचा फोन आला तर?" प्रश्न नेमका होता. मॅडमनी मुद्दाम दुसऱ्या फोनवरून रिंग दिली. कंपनाची मोटर सुरू होताच रीडिंगची रेघ जाड पट्ट्यासारखी झाली आणि कॉलचा पडदा वर आल्यामुळे मोजणीच तुटली. फोनमधल्या या मोटरी साधारण १५० ते २५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या आवर्तनांच्या, आसपास फिरतात. सेन्सर सेकंदाला १०० नमुने घेत असेल, तर इतकी जलद थरथर तिच्या खऱ्या रूपात न दिसता खालच्या वारंवारितेत मुडपून येते आणि मग सरासरी काढूनही पूर्ण पुसली जात नाही. मोजण्यापुरता फोन 'व्यत्यय नको'वर टाकावा आणि मोजणी संपताच ॲपने तो आपोआप पूर्ववत करावा, असे लिहून घेतले. आजींच्या दृष्टीने मुलाचा कॉल चुकणे ही आमच्या रीडिंगपेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि रचना करताना ती तशीच धरली पाहिजे.

१० फेब्रुवारी

वेळेचा प्रश्न. ॲक्सेलरोमीटरचा आकडा किती बरोबर याची चर्चा पुष्कळ होते, तो आकडा नेमका कधीचा याची फारशी होत नाही. अँड्रॉइडमध्ये ॲप सेन्सरकडे ठरावीक दराने नमुने मागते, पण ती मागणी सूचनेच्या दर्जाची असते. प्रणाली त्याहून जलद किंवा सावकाश नमुने देऊ शकते. सर्वसाधारण वापरासाठीच्या पर्यायात दोन नमुन्यांमधले अंतर २०० मिलिसेकंद मागितले जाते, म्हणजे सेकंदाला फक्त पाच. खेळांसाठीच्या पर्यायात ते २० मिलिसेकंद असते. अँड्रॉइड १२ पासून वेगळी परवानगी न घेता २०० हर्ट्झच्या वर जाता येत नाही. आमच्या कामाला तेवढे लागतही नाहीत.

कोन मोजताना पाय स्थिर असतो, म्हणून पाच नमुनेही चालून जातील. मात्र एका न्यूरोलॉजिस्ट डॉक्टरांनी याच ॲपने कंपवाताच्या रुग्णांचा हात मोजता येईल का, असे विचारले आहे, आणि तिथे हा प्रश्न निर्णायक ठरतो. पार्किन्सनच्या आजारात विश्रांतीच्या स्थितीतला कंप बहुधा ४ ते ६ हर्ट्झचा असतो. सेकंदाला पाचच नमुने घेतले, तर ४ हर्ट्झचा कंप १ हर्ट्झचा संथ हेलकावा म्हणून नोंदला जाईल, आणि नेमका ५ हर्ट्झचा असेल तर प्रत्येक नमुना कंपाच्या एकाच टप्प्यावर पडून आलेख जवळजवळ सपाट दिसेल. रुग्णाचा हात डोळ्यांसमोर थरथरत असताना फोन तो स्थिर असल्याचे सांगेल. किमान ५० आणि शक्यतो १०० हर्ट्झ मिळाल्याशिवाय कंपाबद्दल काहीही बोलायचे नाही, असे डॉक्टरांना कळवले.

दुसरी अडचण खंड पडण्याची. अँड्रॉइड ९ पासून पार्श्वभूमीत गेलेल्या ॲपला ॲक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोपची (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची) रीडिंग मिळणे बंद होते, आणि त्यावर फोन कंपन्यांनी बॅटरी वाचवण्यासाठी घातलेली आपापली बंधने वेगळी. हा नियम खासगीपणाच्या दृष्टीने योग्यच आहे. पण त्यामुळे झालेले खंड काही ॲप मधले बिंदू जोडून गुळगुळीत करून टाकतात, आणि पाहणाऱ्याला अखंड आलेख दिसतो. आम्ही प्रत्येक नमुन्यासोबत सेन्सरचा स्वतःचा वेळशिक्का जतन करणार, मोजणी चालू असताना पडदा जागा ठेवणार, आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा खंड आढळला तर ती मोजणी बाद करून पुन्हा करायला सांगणार. रिकामी जागा कल्पनेने भरणार नाही.

१८ फेब्रुवारी

रुग्णांच्या घरी प्रत्यक्षात असलेल्या फोनची यादी मागवली होती. त्यांतल्या काही स्वस्त फोनमध्ये जायरोस्कोपच नाही. काहींत तो असल्याचे दाखवले जाते, पण ॲक्सेलरोमीटर आणि चुंबकीय सेन्सर यांच्यावरून हिशेबाने काढलेली ती रीडिंग असतात, आणि लोखंडी पलंगाजवळ चुंबकीय सेन्सर भरकटला की हीही भरकटतात. जायरोशिवाय चालेल असेच सगळे रचायचे, हा निर्णय झाला. स्थिर पायाचा कोन गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून निघतो, त्याला जायरो लागत नाही. ही आमच्या कामाची जमेची बाजू आहे. जायरो असला तरी त्याचा शून्यदोष सेकंदाला ०.१ अंश इतका लहान धरला, तरी नुसती बेरीज करत गेल्यास मिनिटभरात कोन ६ अंशांनी वाहून जातो.

२४ फेब्रुवारी

उठून चालण्याची चाचणी. पोडसियाडलो आणि रिचर्डसन यांनी १९९१ साली मांडलेल्या या चाचणीत रुग्ण हात असलेल्या, सुमारे ४६ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीतून उठतो, तीन मीटर चालतो, वळतो, परत येऊन बसतो, आणि लागलेला वेळ मोजतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या वृद्धांसाठीच्या मार्गदर्शनात १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास पडण्याचा धोका धरतात. फोन कमरेला असला तर उठण्याचा आणि बसण्याचा क्षण प्रवेगाच्या आलेखात ठळक उमटतो, आणि स्टॉपवॉच धरणाऱ्याच्या बोटाची ढिलाई टळते. हा भाग आशादायक आहे.

अडचण कमरेपासून सुरू होते. प्रकाशित अभ्यासांत सेन्सर बहुधा कमरेच्या मागच्या बाजूला पट्ट्याने घट्ट बांधलेला असतो. आमच्या रुग्णांत सहावारी किंवा नऊवारी नेसणाऱ्या बायका पुष्कळ. त्यांना खिसा नाही, फोन कमरेला खोचला तर पहिल्या पावलालाच घसरतो. पायजमा-सदरा घालणाऱ्या पुरुषांचा फोन सदऱ्याच्या सैल खिशात झोके घेतो, आणि मग सेन्सर माणसाची चाल न मोजता खिशाचा झोका मोजतो. वेल्क्रोचा रुंद पट्टा शिवून घ्यावा लागणार. सातपूरच्या एका शिवणकाम करणाऱ्या ताईंनी जुन्या कंबरपट्ट्यावर फोनचा कप्पा शिवून नमुना दिला आहे, आणि तो साडीवरही न सरकता राहतो. खुर्चीचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. घरी प्लास्टिकची खुर्ची असते, ती बसल्यावर लवते, तिची उंचीही वेगळी. म्हणून एका घरातला वेळ दुसऱ्या घरातल्या वेळेशी किंवा १२ सेकंदांच्या रेषेशी न ताडता त्याच रुग्णाच्या, त्याच खुर्चीवरच्या मागच्या वेळेशीच ताडायचा.

ॲपने चाललेले अंतरही सांगावे, अशी सूचना बैठकीत आली. तिला मी ठाम विरोध केला. प्रवेगावरून अंतर काढायचे म्हणजे दोनदा संकलन (क्षणाक्षणाच्या आकड्यांची बेरीज) करायचे, आणि त्यात शून्यदोषाची चूक काळाच्या वर्गाने वाढते. कागदावर करून दाखवले : फक्त ०.०२ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढा, म्हणजे दोन मिलि-जीचा दोष घेतला, तरी दहा सेकंदांत एक मीटर आणि मिनिटभरात ३६ मीटर चूक होते. ज्या चाचणीचे अंतरच तीन मीटर आहे, तिथे हा आकडा छापणे रुग्णाशी अप्रामाणिकपणाचे होईल. पावलांची मोजणीही वॉकर घेऊन पाय घासत चालणाऱ्या माणसाची कमी भरते, कारण पावलागणिक येणारा ठोसाच मंद असतो, तीही वगळली. फक्त वेळ द्यायचा.

५ मार्च

गोनिओमीटर आणि फोन यांच्या जोड-रीडिंगचे काय करायचे, यावर आज बराच वेळ चर्चा झाली. दोन्हींतला सहसंबंध (दोन आकडे किती सोबतीने वर-खाली होतात याचे माप) काढून तो एकाच्या जवळ आला की काम झाले, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे होते. पण फोन प्रत्येक वेळी बरोबर आठ अंश जास्त दाखवत असेल, तरीही सहसंबंध पूर्ण एक येईल, आणि ८२ अंशांवर अडकलेला गुडघा कागदावर ९० ला पोहोचलेला दिसेल. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलेली पद्धत नेमकी याच गफलतीवर आहे : प्रत्येक जोडीतला फरक काढावा, त्या फरकांची सरासरी आणि तिच्या दोन्ही बाजूंना १.९६ प्रमाण विचलन एवढा पट्टा आखावा, आणि तो पट्टा उपचाराच्या दृष्टीने चालण्याजोगा आहे का हे डॉक्टरांनी सांगावे. किती फरक चालेल हे मोजणीच्या आधीच लिहून ठेवायचे; मॅडमनी पाच अंश लिहून सही केली आहे.

याहून माझ्या मनाला लागलेला प्रश्न वेगळा आहे. रुग्ण रोज आकडा पाहणार. कालचे ७८ आज ८१ झाले की त्याला हुरूप येणार, आणि ७५ झाले की तो खचणार. मापनातली प्रमाण त्रुटी दोन अंश धरली, तर खरा म्हणता येईल असा किमान बदल १.९६ गुणिले दोनचे वर्गमूळ गुणिले दोन, म्हणजे साधारण साडेपाच अंश येतो. म्हणजे त्या तीन अंशांच्या चढ-उतारात गुडघ्याने काही केलेच नसण्याची शक्यता आहे. शस्त्रक्रियेनंतर दुखत असताना नेटाने व्यायाम करणाऱ्या माणसाला सेन्सरच्या गोंगाटावरून शाबासकी किंवा बोल लावणे योग्य नाही. म्हणून रोजचा सुटा आकडा रुग्णाला मोठ्या अक्षरांत न दाखवता आठवड्याचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) दाखवायचा, आणि साडेपाच अंशांच्या आतल्या फरकाला 'स्थिर' म्हणायचे.

१२ मार्च

अतिदक्षता विभागातल्या एका सिस्टरनी विचारल्यावरून छोटे उपकाम. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली ठेवतात, म्हणजे पोटातले घशात येऊन फुप्फुसात उतरण्याची भीती कमी होते. हा कोन पुष्कळदा नजरेनेच ठरवला जातो, आणि नजरेला २० अंशही ३० वाटतात. इथे फोन निःसंशय कामाचा आहे : चौकट कठीण, रुग्णाची कातडी मध्ये नाही, स्थिर कोन आणि गुरुत्वाकर्षणाचा आधार. फोन पुसता येणाऱ्या पारदर्शक पिशवीत ठेवावा, दोन रुग्णांमध्ये पिशवी निर्जंतुक करावी, आणि कड पलंगाच्या उचललेल्या चौकटीवर टेकवावी, गादीवर नाही.

२१ मार्च

रंगपंचमीमुळे मध्ये रुग्ण आले नाहीत. तेवढ्यात घरच्या घरी करायच्या तपासणीची पद्धत पक्की केली. ग्रॅनाइट प्लेट प्रत्येकाच्या घरी नसते, आणि जुन्या घरांतल्या शहाबादी फरशीला मोरीकडे उतार असतो. म्हणून गवंडी लेव्हल-बाटली तपासतो तसे करायचे : फोनची कड फरशीच्या एका सांध्याशी लावून रीडिंग घ्यायचे, मग फोन टोकाची अदलाबदल करून त्याच जागी उलटा ठेवायचा आणि पुन्हा घ्यायचे. पहिल्या रीडिंगमध्ये फरशीचा उतार आणि फोनचा दोष यांची बेरीज असते. दुसऱ्यात उताराचे चिन्ह उलटते, दोषाचे तेच राहते. दोन्हींची सरासरी म्हणजे फोनचा दोष, मग फरशी कशीही असो. दोष दोन अंशांपेक्षा जास्त निघाला, किंवा मागच्या आठवड्यापेक्षा एक अंशाहून अधिक सरकला, तर ॲपने त्या फोनवर मोजणी घेऊ नये.

ही तपासणी दर आठवड्याला हवी, कारण फोन हातातून पडतो, आणि सॉफ्टवेअरचे अपडेट रातोरात येऊन सेन्सरची हाताळणी बदलून जाते. हे सूक्ष्म यांत्रिक भाग किती नाजूक असतात याचे एक उदाहरण २०१८ सालचे आहे : अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील एका रुग्णालयात एमआरआय बसवताना हेलियम गळला आणि इमारतीतले कित्येक आयफोन बंद पडले, कारण हेलियमचे अणू फोनमधल्या तसल्याच सूक्ष्म यांत्रिक घड्याळात शिरले. रुग्णालय हे फोनच्या दृष्टीनेही साधे ठिकाण नव्हे.

२ एप्रिल

नियमांचे कागद. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ आणि फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनंतर निदान किंवा उपचारासाठीचे सॉफ्टवेअरही उपकरणाच्या व्याख्येत येते. आजघडीला आमचे काम संमती घेतलेल्या रुग्णांपुरते अभ्यासाच्या स्वरूपाचे आहे, आणि फोनच्या आकड्यावरून कोणताही उपचार बदलला जात नाही. हे वाक्य संमतीपत्रात मराठीत, ठळकपणे, पहिल्याच पानावर घातले. चालण्याच्या आलेखावरून माणूस ओळखता येऊ शकतो, म्हणून कच्ची रीडिंग फोनबाहेर जाऊ द्यायची नाहीत. फक्त कोन, वेळ आणि तपासणीचा निकाल पाठवायचा.

११ एप्रिल

दिंडोरी तालुक्यातल्या एका काकांचा कोन एका दिवसात बारा अंशांनी उतरलेला आला. द्राक्षाच्या हंगामाचे दिवस, त्यामुळे बागेत पाय मुरगळला की काय ही पहिली शंका. ठरल्याप्रमाणे आकड्यावरून काही न समजता मॅडमनी थेट फोन लावला. सून म्हणाली, "मॅडम, अहो आमचे हे बागेत गेले होते बाबांचा फोन घेऊन, म्हणून मी माझ्या फोनवर मोजलं." काकांना काहीही त्रास नव्हता. सूनबाईंच्या फोनची फरशीवरची तपासणी कधी झालीच नव्हती.

या एका प्रसंगाने रचनेत कायमचा बदल होत आहे. प्रत्येक मोजणीसोबत फोनचे मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, शेवटच्या तपासणीची तारीख आणि निघालेला दोष जोडला जाईल. नवा फोन दिसला की आधी तपासणी, मग मोजणी. आणि दोन वेगळ्या फोनची रीडिंग एका रेषेत जोडून आलेख काढला जाणार नाही. घरात फोन एकाचा नसतो, तो त्या वेळी हाताशी असेल त्याचा असतो, हे धरूनच रचना व्हायला हवी. मोठा बदल दिसला तर ॲप रुग्णाला कोणताही निष्कर्ष सांगणार नाही; फिजिओथेरपिस्टच्या यादीत 'फोन करून विचारा' एवढी ओळ येईल.

आजच्या स्थितीत फोनवर घ्यायच्या गोष्टी तीन राहिल्या आहेत : पट्टीच्या आधाराने मोजलेला स्थिर गुडघ्याचा कोन, कंबरपट्ट्यातल्या फोनने नोंदवलेला उठून-चालण्याचा वेळ, आणि पलंगाचा कल. कंपाचे काम न्यूरोलॉजिस्ट डॉक्टरांसोबत स्वतंत्रपणे, १०० हर्ट्झ खात्रीने देणाऱ्या फोनपुरते पुढे नेऊ. शाळेच्या लाकडी पट्टीवरची जोड-रीडिंग अजून अपुरी आहेत, ती स्थूल रुग्णांवर आधी घ्यायची, कारण तिथेच पद्धत मोडण्याची शक्यता जास्त आहे. मे महिन्यात पत्र्याच्या घरांमध्ये दुपारच्या वेळी तपासणी करायची असून त्यासाठी सिन्नरच्या दोन कुटुंबांनी होकार दिला आहे. त्यांना पट्टा, पट्टी आणि छापील सूचना पुढच्या आठवड्यात पोहोचवायच्या आहेत.